भूषणची जरतार

भूषणचा फोन आला की तो ‘हॅलो’ म्हणत नसे. “पडनं,” एवढंच म्हणायचा, आणि मी विचारायची, “पुन्हा? या वेळी कुणी पाडलं?” मग तो सांगायचा. कधी बडोद्याच्या फौजेनं, कधी मुंबईहून आलेल्या जहाजांनी, कधी आतल्याच फितुरीनं. पडायचा तो त्याचा देश. संगणकावरच्या एका खेळातला, तापीच्या काठावरचा, नकाशात नखाएवढा. अहिराणीत ‘पडनं’ म्हणजे पडलं. हा शब्द आम्हां दोघांत इतका मुरला होता की त्या सकाळी भूषणच्या नंबरावरून फोन आला, त्याच्याऐवजी त्याचे वडील, आप्पा, बोलले, “कांती... भूषण पडना,” तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं तेच निघालं. “पुन्हा? या वेळी कुणी पाडलं?”

पलीकडून आप्पा म्हणाले, “ट्रेलरनी.”

मी तेव्हा छापखान्यात उभी होते. हातात पत्रकाचं प्रूफ होतं, कापड मार्केटात काम करणाऱ्या बायकांसाठी संडास हवेत म्हणून काढलेल्या पत्रकाचं. छापखान्याचा मालक विचारत होता, “बेन, आ लाइन जाडी करूं?” मी हो म्हणाले की नाही, मला आठवत नाही. पत्रक छापून आलं तेव्हा सगळ्याच ओळी जाड होत्या.

त्याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिही असं मला तिथल्या लोकांनी सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा मी नाही म्हटलं. गेलेल्या माणसावर लिहायचं म्हणजे तो किती हसतमुख होता, किती होतकरू होता, असं लिहायचं असतं, आणि शेवटी ‘त्याची उणीव सदैव भासेल’. भूषण होतकरू वगैरे नव्हता. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर रात्रपाळीचा ऑपरेटर होता, सकाळी घरी येऊन झोपायचा, दुपारी उठून तो खेळ उघडायचा आणि संध्याकाळी डबा घेऊन पुन्हा कामावर जायचा. उणीव भासत नाही. उणीव म्हणजे भाजीत मीठ नसणं. हे वेगळं आहे.

सुरतेत कोसाडच्या वसाहतीत आमची दारं समोरासमोर. आम्ही जालन्याकडचे, ते अमळनेर तालुक्यातले. आमच्या घरी वेगळी मराठी, त्यांच्या घरी अहिराणी, जिन्यात हिंदी, दुकानात गुजराती. शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. माझे बाबा संच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांची पत्रकं वाटायचे. मला अक्षरओळख त्या पत्रकांवरून झाली. माझा ‘क’ कमळाचा नव्हता, कामगाराचा होता. नावही त्यांनी क्रांती ठेवलं, आणि त्या नावाची जी काही शोभा करायची ती भूषणनं केली. मी त्यांच्या दारात उभी राहिले की आतून ओरडायचा, “माय, क्रांती ऊनी! दार उघड, नाहीतर तोडीसनी येई.” दूध आणायला मला पाठवलं की म्हणायचा, “हीच का ती, जिची सगळे वाट बघतात? पिशवी घेऊन चालली बघा.” एकदा आमच्याकडे जेवायला होता. बाबा काहीतरी समजावून सांगत होते. भूषणनं अगदी गंभीर तोंड करून विचारलं, “काका, तुमच्याकडे भाजी वाढतानासुद्धा ‘बंधू-भगिनींनो’ म्हणतात का?” बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याची आई, सुमनमावशी, मला कधीच क्रांती म्हणाल्या नाहीत. त्यांच्या जिभेवर ते कांती झालं आणि तसंच राहिलं. आप्पाही मग तेच म्हणू लागले.

सुमनमावशी घरी जरीचं काम करतात. मराठीत ‘जर’ म्हणजे सोनेरी तार, ज्यावरून जरीकाठ, जरतारी हे शब्द आले, आणि सुरतेत ती तार पिढ्यान्‌पिढ्या बनते. व्यापाऱ्याकडून मोठी रिळं आणायची आणि छोट्या मोटरवर ती तार लहान फिरक्यांवर गुंडाळून परत द्यायची. आता जर कसली, प्लास्टिकच्या पट्टीला सोनेरी रंग. लहानपणी मावशींनी एकदा आम्हांला काडी पेटवून दाखवलं होतं. “खरी जर जाळी ते खाले चांदी ऱ्हास,” त्या म्हणाल्या. “हाई जाळी ते नुसती गोयी व्हस.” आणि खरंच, ज्योतीजवळ नेताच ती तार आक्रसली आणि काळी गोळी होऊन टपकली. भूषणनं ती गोळी बोटानं उचलली आणि बोट भाजून घेतलं.

त्याचा संगणकही त्याच टेबलावर होता, एका बाजूला फिरक्या भरायची मोटर, दुसऱ्या बाजूला त्याचा पडदा. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातला जुना संगणक बदलला तेव्हा त्यानं तो मागून आणला होता. कीबोर्डाच्या फटींत सोनेरी तारेचे तुकडे अडकलेले असायचे. तो टाइप करायला लागला की मधेच एखादं अक्षर चमकायचं.

खेळाचं नाव मी इथे देत नाही, जाहिरात करायची नाही म्हणून. पण तो काय आहे हे सांगायला हवं. शंभर वर्षांपूर्वीचं ते मोठं युद्ध, ज्यात आपल्याकडची पोरं दूरच्या खंदकांत मेली, ते या खेळात उलटं संपतं. जे हरले ते जिंकतात, जिंकले ते हरतात. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याच्यावर तो मावळतो. मग नकाशाची ठिगळं होतात आणि खेळणाऱ्यानं त्यातलं एक ठिगळ घेऊन पुढची वर्षं चालवायची. गोळ्या मारणं त्यात जवळजवळ नाही. धान्य, कोळसा, रेल्वे, तह, बंड, संप, हेच सगळं. जगभरची हौशी माणसं तो खेळ फुकट लिहितात, जो तो आपापल्या भागाचा इतिहास रचतो. भूषणच्या लक्षात आलं की त्यात हिंदुस्थानचे मोठे तुकडे होते, पण सुरत नुसता एक ठिपका होता. त्यानं इंग्रजी जुळवून जुळवून त्या लोकांना लिहिलं, की ही जागा मी लिहितो. ते हो म्हणाले. त्यांना काय माहीत, हा रात्रभर साड्यांवर मोर भरणारा माणूस आहे.

त्यानं लिहिलेला देश असा. साम्राज्य कोसळलं, गोरे जहाजात बसून गेले, आणि सुरतेतल्या जर ओढणाऱ्यांनी, विणकरांनी, बंदरावरच्या हमालांनी मिळून शहर ताब्यात घेतलं. राजा नाही, नवाब नाही, शेठ नाही. त्या राज्याला त्यानं नाव दिलं ‘खातं’. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात. सकाळी माणूस विचारतो, “कोणत्या खात्यात आहेस?” मी म्हटलं, “हे काय नाव आहे? लोकांचं राज्य म्हण, कामगारांचं प्रजासत्ताक म्हण.” तो म्हणाला, “ते तुझ्या पत्रकात. माझे लोक त्याला खातंच म्हणतील. आधी खातं म्हणजे जिथून कधी सुटतो असं व्हायचं ती जागा, आता जिथे आपणहून जायचं ती, एवढाच फरक.”

आमच्या घरात या खेळाला मान नव्हता. बाबा म्हणायचे, इतिहासात जर-तरला जागा नसते. जे झालं ते का झालं ते बघा आणि पुढचं बदला. मलाही तसंच वाटायचं, आणि मी ते भूषणला त्याच्याच टेबलाशी उभी राहून ऐकवायची. एका उन्हाळ्याच्या दुपारी असंच चाललं होतं. मी म्हणत होते की हे सगळं अफूसारखं आहे, जे झालंच नाही त्यात पोरं गुंगून पडतात आणि जे समोर चाललंय त्याच्याकडे पाठ फिरवतात. मावशी मोटरच्या आवाजात फिरकी भरत होत्या. त्यांनी मोटर थांबवून विचारलं, “पण तू करस तरी काय रे, दिवसभर त्या डब्बावर?”

“जर-तर करस, माय,” भूषण म्हणाला.

“जरतार? कंप्यूटरवर?” मावशींचा चेहरा उजळला. “मंग माले बी शिकाड. हात दुखतस मना.”

आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो. मावशींना कळेना काय झालं. पण भूषणला तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून खेळाचं नाव जरतार पडलं. “भूषण कोठे शे?” “जरतार करस.” परदेशातल्या त्या लोकांमध्येही त्यानं स्वतःचं नाव तेच घेतलं. त्याचं खरं नाव त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

जरतारीचा त्याचा एक नियम होता. एका गोष्टीत एकच ‘जर’. “युद्ध उलटं संपलं, हा एक जर झाला,” तो म्हणायचा. “तो खेळ लिहिणाऱ्यांनी मला दिला. आता यापुढे मी काहीच धरून चालायचं नाही. त्याच्यापुढे जे होईल ते माणसं जशी असतात तसंच होईल. दुसरा जर लावला की ती थाप.” आणि म्हणूनच त्याचं खातं पडायचं. एखादा भाग लिहून झाला की तो खेळाला हात न लावता नुसता चालू सोडून द्यायचा, सगळे देश संगणकच चालवायचा, आणि हा मांडी घालून बघत बसायचा. खातं वर्षभर टिकायचं, कधी दोन वर्षं. मग धान्य संपायचं, किंवा शेजारी चालून यायचा, किंवा मागवाले आणि जरवाले आपसात भांडायचे. पडद्यावर खिडकी उघडायची. त्यात खातं कुणी पाडलं ते लिहिलेलं असायचं, आणि खाली एक बटण. ते दाबल्याशिवाय खेळातला पुढचा दिवस सुरू होत नाही.

त्या बटणावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, “एकच बटण का? दोन दे. ‘शरण जातो’ आणि ‘लढतो’. लोकांना निवडू दे.” तो म्हणाला, “कसली निवड? तुझ्या बाबांचं खातं बंद पडलं तेव्हा त्यांना किती बटणं होती?” मी म्हटलं, “ते लढले.” तो म्हणाला, “लढले. आणि बंद पडलंच ना? लढणं हे बटण नाही गं. ते आधीच केलेलं असतं.”

मला त्याचा राग आला, आजही येतो. मी ओरडले, “एकदा तरी जिंकव रे त्यांना! तुझ्या हातात आहे. एक आकडा बदल, धान्य जास्त दे, पाऊस दे. कोण विचारणार आहे तुला?” तो कीबोर्डातला सोनेरी तुकडा नखानं काढत होता. म्हणाला, “तुमच्या प्रत्येक पत्रकात शेवटी काय असतं? ‘विजय आपलाच आहे.’ आपण दुसरीत होतो तेव्हापासून वाचतोय. मला एकदा तो खरा बघायचा आहे. खोटा नको, खोटा माय रोज गुंडाळते.” मी दार आपटून आमच्या घरी गेले. संध्याकाळी तो डबा घेऊन निघाला तेव्हा आमच्या दारावर टकटक करून गेला. “बंधू-भगिनींनो,” तो बाहेरून म्हणाला, “मी कामाला जातोय.”

मी त्याला शेवटचं भेटले तेही त्याच टेबलाशी. तो नुकताच उठला होता, डोळे लाल, गालावर चटईची नक्षी. बारा तासांची रात्रपाळी, रात्रीमागून रात्र. मशीनवर धागा तुटला की दिवा लागतो, तो दिवा आता डोळे मिटले तरी दिसतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, पाळी बदलून माग. तो म्हणाला, “मागितली. शेठ म्हणाला, दिवसाची माणसं भरलीत.” मग एकदम म्हणाला, “खात्यात नवीन केलंय काहीतरी. आता पडलं तरी इतकं वाईट वाटणार नाही, असं.” मी विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, “पडल्यावर कळेल.” मला वाटलं, त्यानं अखेर माझं ऐकलं. दुसरा जर लावला...

त्या सकाळी पाळी सुटल्यावर तो सरळ घरी आला नाही. आदल्या संध्याकाळी मावशींनी सांगितलं होतं, “येता येता पर्वत पाटियावरथून रिळं लई येजो.” त्याचा कारखाना अमरोलीच्या बाजूला, घरापासून जवळ. पर्वत पाटिया उलट्या दिशेला. व्यापाऱ्याचं दुकान उघडेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला, तिथेच डुलक्या काढत होता असं शेजारच्या चहावाल्यानं नंतर सांगितलं. मग रिळांची पिशवी मोटरसायकलला अडकवून तो मोठ्या रस्त्यानं निघाला. हजीऱ्याकडून येणारे ट्रेलर त्या रस्त्यानं जातात. त्याचा डोळा लागला की ड्रायव्हरचा, कुणालाच माहीत नाही. दोघंही रात्रभर जागे होते. आप्पा हजीऱ्यात ठेकेदाराकडे माल बांधायचं काम करतात, पोलादाची भेंडोळी ट्रेलरवर साखळ्यांनी आवळायची. पोलीस नंतर जबाब घ्यायला आले तेव्हा आप्पांनी त्यांना एकच विचारलं. “ट्रेलरवर काय होतं?” पोलिसानं सांगितलं, भेंडोळी.

रिळांच्या पिशवीला काही झालं नव्हतं. सगळी रिळं जशीच्या तशी परत आली.

तेराव्यापर्यंत त्या घरात माणसं येत राहिली, आणि मी पहिल्यांदा बघितलं की भूषणचा खेळ सगळ्यांनाच येतो. कुणी म्हणे, त्या दिवशी रविवार असता तर. कुणी म्हणे, शिकला असता, बँकेत लागला असता तर. चहावाला पार तिथून आला होता. तो म्हणे, मी त्याला दुसरा कप दिला असता तर. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत जर-तरची रिळं, प्रत्येकजण आपलं टोक धरून ओढतोय. एका गोष्टीत एकच जर, हे त्यांना कुणी सांगायचं? मला सांगावंसं वाटलं, आणि मला माझा जरही ठाऊक होता. बारा तासांची पाळी नसती तर. तो एकच खरा. बाकीचे सगळे त्याची पिल्लं.

मी पत्रक लिहिलं. माणसाला रात्रभर यंत्रासमोर उभं ठेवायचं आणि सकाळी ट्रेलरांच्या रस्त्यावर सोडायचं, याला अपघात म्हणू नका, असं लिहिलं. आजवर लिहिलेलं माझं सगळ्यांत चांगलं पत्रक होतं ते. छापायच्या आधी मावशींना वाचून दाखवायला गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोटर बंद होती, रिळांची पिशवी न उघडता टेबलाखाली ठेवलेली होती. मी वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “यामां मनी फिरकी कोठे शे?”

मला कळलं नाही.

“रिळं लई ये म्हणीसनी मीच सांगेल व्हतं,” त्या म्हणाल्या. “मी सांगं नसतं ते तो सरळ घर येता. तू सगळासनं लिखं. शेठनं लिखं, रस्तानं लिखं. मनं काबरं नही लिखं?”

मी खूप बोलले. म्हटलं, मावशी, लोक रोज रिळं आणतात, त्यानं कुणी मरत नाही. म्हटलं, तो रात्री झोपलेला असता तर पर्वत पाटियाच काय, नवसारीला जाऊन आला असता. म्हटलं, तुम्हांला असं वाटावं हेच तर शेठ लोकांना हवं असतं, की गरिबानं आपल्याच गळ्यात दोष बांधून घ्यावा. सगळं खरं होतं. एकेक शब्द खरा होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जसं आपण परक्या भाषेत बोलणाऱ्याकडे बघतो. पत्रक मी छापलं, वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. कारखान्यात रात्रपाळी चालूच आहे. भूषणच्या मशीनवर दुसऱ्याच दिवशी नवा ऑपरेटर आला. मावशींनी मात्र काम सोडलं. जेवण्याचंही काही खरं नव्हतं. आप्पांनी ताट वाढून समोर ठेवलं तर त्या म्हणायच्या, “आते भूक नही,” आणि ताट तसंच सुकायचं.

याच सुमारास मी भूषणच्या संगणकावरून त्या परदेशी मंडळींना कळवलं, की तुमचा जरतार वारला. त्यांच्यातल्या एकानं फार मनापासून लिहिलं. ते त्याला कुणी इतिहासाचा प्राध्यापक समजत होते. दुसऱ्यानं, तितक्याच सभ्यपणे, कळवलं की त्याच्या भागाची देखभाल करणारं आता कुणी नसल्यानं खेळाच्या पुढच्या आवृत्तीत तो देश नसेल. सुरत पुन्हा ठिपका होईल. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. टेबलाखाली वाकून इंटरनेटची तार उपटली, म्हणजे नवी आवृत्ती आपोआप येणार नाही. जगात आता खातं त्या एकाच डब्ब्यात उरलं आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी मावशींनी मला हाक मारली. कधी नव्हे त्या भूषणच्या खुर्चीशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, “कांती, तुले येस ना त्यानी जरतार?”

“थोडी येते,” मी म्हटलं.

“त्यामां जर बदलता येस म्हणे. भूषण सांगे.” त्या पडद्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. “मना जर काढी टाक.”

त्यांचा जर म्हणजे रिळं आणायला सांगितलं तो, हे मला लगेच कळलं. आणि त्यांना हेही कळत होतं की असं होत नाही. मावशी भोळ्या नाहीत. तार कुठली खरी आणि कुठली खोटी हे त्या काडी न लावताही सांगतात. तरीही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मावशी, त्यात भूषण नाही. त्यात शंभर वर्षांपूर्वीचं आहे सगळं. देश आहेत, फौजा आहेत. माणूस नाही एकही.”

“मंग काय कामना तो खेळ?” त्या म्हणाल्या.

मीही इतकी वर्षं भूषणला हेच विचारत होते. आता उत्तर द्यायला तो नव्हता. मग मावशीच म्हणाल्या, “बरं. त्यानं खातं तरी दखाड.”

मी खेळ लावला. भूषण लावायचा तसाच, हात न लावता नुसतं बघायचं. नकाशावर तापी दाखवली, तिच्या तोंडाशी तो नखाएवढा सोनेरी रंग दाखवला. त्यानं आपल्या देशाला जरीचा रंग दिला होता. मावशी पुढे सरकून बसल्या. दिवस वर कोपऱ्यात भराभर उलटत होते. मी सांगत होते, आता हे धान्य आलं, आता हा संप मिटला, आता बडोद्याशी तह झाला. एका हिवाळ्यात बंदर बंद पडलं आणि मला वाटलं संपलं, पण खातं टिकलं. मावशींनी माझं मनगट धरलं होतं. दुसरं वर्ष गेलं, तिसरं लागलं. इतकं ते कधीच टिकलं नव्हतं. मी मनात म्हणत होते की लावला, त्यानं दुसरा जर लावला, थाप तर थाप, या बाईसाठी एकदा तरी... आणि तेवढ्यात सोनेरी रंग मिटला. आजूबाजूच्या करड्या रंगात मिसळून गेला. पडद्यावर खिडकी उघडली.

मावशींना वाचता येतं, पण एकेक अक्षर जोडून. त्यांनी बोट लावून वाचलं. “खा-तं... पड-नं.” खिडकीत एवढंच होतं. पूर्वी तिथे चार ओळी असायच्या, कुणी पाडलं, का पाडलं, कोण फितूर झालं. ते सगळं त्यानं काढून टाकलं होतं.

“कोनी पाडं ते नही लिखं,” मावशी म्हणाल्या.

“नाही लिहिलं,” मी म्हटलं.

मग त्यांचं बोट खाली बटणावर आलं. त्यावरची अक्षरं बारीक होती. त्यांनी दोनदा वाचली. बटणावर लिहिलं होतं, “बठ, च्या टाकस.”

बस, चहा टाकते. त्या घरात कुणीही आलं, पाळीवरून दमून, शाळेत नापास होऊन, कामावरून काढल्यामुळे, भांडून, रडत, तर मावशी दारातच हे म्हणायच्या. काय झालं, कुणी केलं, हे त्यांनी कधी आधी विचारलं नाही. मीसुद्धा लहानपणी किती वेळा त्या तीन शब्दांवर आत शिरले होते.

“हाई ते मी म्हनस,” मावशी म्हणाल्या.

मी माउसकडे हात नेला. पडल्यावर बटण दाबायचं असतं, सवयच तशी होती. मावशींनी माझा हात घट्ट धरला. “दाबं ते काय व्हई?”

“पुढचा दिवस सुरू होईल.”

“मंग नको,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे.”

तो संगणक अजून चालू आहे. मावशी तो बंद करू देत नाहीत. उन्हात त्याचा पंखा घरघरतो, टेबलाखाली रिळांची पिशवी तशीच आहे, आणि पडद्यावर ती खिडकी उघडी आहे. मी दुपारी त्यांच्याकडे जाते. दार ढकलते. इतकी वर्षं जे ऐकत आले ते आता मावशी म्हणत नाहीत. नुसतं पडद्याकडे बोट करतात, आणि मी बसते. चहा कुणीच टाकत नाही.